गुंठाभर लॉन आणि गॅरेजमधलं जुनं मशिन

प्रश्न : आमचा साताऱ्यात बंगला आहे. पुढच्या अंगणात साधारण एक गुंठा लॉन आहे, बारीक पात्याचं, दूर्वांसारखं. गेली काही वर्षं माळी महिन्यातून एकदा येऊन खांद्यावरच्या ब्रश कटरने गवत उडवून जायचा. आता त्याने येणं बंद केलंय. मुलगा पुण्याहून सांगतो, पेट्रोलवरचं चांगलं मशिन घेऊन टाका, एकदाच काय तो खर्च. मिस्टर (वय ६८) म्हणतात, सासऱ्यांच्या वेळचं ढकलायचं मशिन गॅरेजमध्ये पडून आहे, तेच दुरुस्त करू. पण त्यांची तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे, म्हणून मला ते ढकलणं नको वाटतं. शिवाय मशिन गंजलंय, चाकं फिरतात पण पाती फिरत नाहीत. भंगारवाल्याला देऊन टाकावं का? माळी कापून गेला की लॉन आठवडाभर पिवळं दिसायचं, ते कशामुळे? आणि सासूबाईंची वेगळीच तक्रार : लॉन कापलं की गणपतीला दूर्वा मिळत नाहीत. पावसाळा तोंडावर आलाय, लवकर सांगा.
— एक वाचक, सातारा

उत्तर : नमस्कार ताई,

भंगारवाल्याला तूर्त नाही म्हणून सांगा. तुमच्या घरातल्या वादात मी मिस्टरांच्या बाजूने आहे, पण एका अटीवर : पावसाळ्यात दर आठवड्याला लॉन कापायचं. सात दिवसांचे आठ झाले तर चालेल, पंधरा झाले तर नाही. ही अट पाळणं जमणार नसेल तर विजेवरचं मशिन घ्या. पेट्रोलचं मात्र तुमच्या अंगणासाठी मी सुचवणार नाही, मुलगा कितीही आग्रह करू दे.

मशिन घेताना लोक आधी ताकद विचारतात, किती वॉट, किती एचपी. मी आधी विचारतो, कापणार किती दिवसांनी? कारण ढकलायच्या मशिनला गुडघाभर गवत झेपत नाही. गवताची लांब पाती रिळाखाली (म्हणजे मशिनच्या गोल फिरणाऱ्या पात्यांच्या दंडगोलाखाली) नुसती आडवी होतात आणि मशिन पुढे गेलं की पुन्हा मान वर काढतात. याउलट दीड इंच वाढलेलं गवत ते अगदी लोण्यासारखं कापतं. महिन्यातून एकदाच कापायचं असेल तर तुमचा माळी ब्रश कटर आणत होता ते त्याच्या हिशेबाने बरोबरच होतं.

आता लॉन पिवळं का पडतं ते. गवताचा हिरवा भाग वरच्या टोकाकडे असतो. खाली काडी असते, तिला ऊन लागत नाही म्हणून ती फिकट असते. महिनाभर वाढलेलं गवत एकदम बुडाशी कापलं की वरचा हिरवा भाग सगळा जातो आणि फिकट काड्या तेवढ्या उघड्या पडतात. शिवाय ब्रश कटरला नायलॉनची दोरी असेल तर ती पात कापत नाही, फटके मारून तोडते. एखादी पात हातात घेऊन बघा, टोक सरळ नसतं, झिरमिळ्या झालेल्या असतात. त्या झिरमिळ्या दुसऱ्या दिवशी वाळून तपकिरी होतात. म्हणून नियम एकच : एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. तुमचं लॉन एक इंचावर ठेवायचं असेल तर ते दीड इंच झालं की मशिन बाहेर काढायचं. मध्ये राहून गेलं आणि गवत तीन इंचांवर गेलं, तर एकाच दिवशी खाली आणू नका. आधी दोन इंचांवर कापा, चार-पाच दिवसांनी दीडवर, मग इंचावर.

मिस्टरांना ढकलायचं किती पडेल तो हिशेबही करून टाकू. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. मशिन १४ इंची असेल तर पट्ट्यावर पट्टा थोडा चढवून जेमतेम एक फूट रुंदीचा पट्टा प्रत्येक फेरीत कापला जातो. म्हणजे पूर्ण लॉनसाठी साधारण अकराशे फूट, ३३० मीटरच्या आसपास. वळणं धरून चारशे म्हणा. सकाळच्या फिरण्यात ते याहून जास्त चालत असतील. प्रश्न चालण्याचा नाहीच, ढकलायला जोर किती लागतो याचा आहे. नीट जुळवलेलं, धारदार मशिन आखूड गवतावर हलकं चालतं. बोथट किंवा जास्त आवळलेलं मशिन तरण्या माणसालाही धाप लावतं. तेव्हा आधी मशिन सुधारा, मग त्यांच्या डॉक्टरांना साध्या शब्दांत विचारा, "आठवड्यातून एकदा वीस मिनिटं हे ढकललं तर चालेल का?" हो म्हणाले तर निम्मं लॉन शनिवारी, निम्मं रविवारी. पावसाळ्यातली पहिली कापणी मात्र त्यांच्याकडून करून घेऊ नका. ती नेहमी जड जाते. मुलाला त्या रविवारी पुण्याहून बोलवा. दोरी ओढून पेट्रोलचं मशिन चालू करायचा जो झटका असतो तो खांद्याला आणि छातीलाच बसतो, हेही त्याला तेव्हा सांगता येईल.

मुलगा या मशिनला अडगळ म्हणत असेल तर त्याच्यासाठी थोडा इतिहास. लॉन कापायचं पहिलं यंत्र एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने १८३० साली पेटंट केलं. लोकरी कापडावरची लव एकसारखी छाटणारं यंत्र त्याने गिरणीत पाहिलं होतं, तेच त्याने गवतावर आणलं. गोल फिरणारी पाती खालच्या स्थिर पट्टीला घासून जातात आणि मध्ये सापडलेलं गवत कात्रीसारखं कापलं जातं. तुमच्या गॅरेजमधल्या मशिनचं तत्त्वही हेच आहे. विम्बल्डनच्या कोर्टावरचं गवत ८ मिलिमीटरवर कापतात ते याच जातीच्या मशिनने, फक्त त्याला इंजिन किंवा मोटर असते. बाजारात मिळणारं दुसरं, रोटरी मशिन म्हणजे पंख्यासारखं एकच पातं आडवं गरगर फिरतं आणि वेगाच्या जोरावर गवत तोडतं. ते उंच गवतालाही पुरतं. पण बारीक पात्याचं लॉन इंचभरावर ठेवायचं तर रिळाची सफाई त्याला येत नाही.

आता दुरुस्ती. चाकं फिरतात आणि रीळ फिरत नाही, हे ऐकायला वाईट वाटतं, प्रत्यक्षात बहुधा किरकोळ असतं. चाकाच्या आतल्या बाजूला दाते असतात, ते रिळाच्या दांड्यावरच्या छोट्या गिअरला फिरवतात. त्या गिअरमध्ये एक लहानसा खटका असतो. मशिन पुढे ढकललं की तो अडकतो आणि रीळ फिरतं, मागे ओढलं की तो सुटतो. वर्षानुवर्षांचं ग्रीस वाळून डांबरासारखं झालं की खटका आतच चिकटून बसतो. दोन्ही चाकं काढा, गिअर आणि खटके डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, पुसा, खटक्याला थेंबभर तेल द्या आणि दात्यांना थोडं नवं ग्रीस. डावीकडचे भाग डाव्या डब्यात, उजवीकडचे उजव्या. दोन्ही बाजूंचे खटके उलट-सुलट असतात, अदलाबदल झाली तर पुढे ढकलताना रीळ फिरत नाही, मागे ओढताना उलटं फिरतं आणि मग मेकॅनिकही डोकं खाजवत बसतो.

हँडल किंवा मागचा रूळ लाकडी असेल तर वाळवी लागलीय का ते ठोकून बघा. हँडल कुठलाही सुतार करून देईल. रूळ कुजलेला असेल तर तो लेथवाल्याकडून करून घ्यावा लागतो, कारण तो जरा जरी वाकडा झाला तरी लॉनवर लाटा उमटतात.

यानंतर कागदाची परीक्षा. मशिन उलटं ठेवा, हातात जाड मोजे घाला. वर्तमानपत्राची पट्टी रिळाचं पातं आणि खालची पट्टी यांच्या मध्ये धरून रीळ हळूच हाताने फिरवा, बोटं पात्याच्या पाठीमागे ठेवून. घरात नातवंडं असतील तर त्यांना तेवढा वेळ आत पाठवा. डावीकडे, मध्ये, उजवीकडे, तिन्ही ठिकाणी कागद स्वच्छ कापला गेला तर धार लावायची गरजच नाही. कागद नुसता दुमडला तर दोघांत फट आहे. खालच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना जुळवणीचे स्क्रू असतात, ते पाव फेरीपेक्षाही कमी फिरवायचे आणि पुन्हा कागद लावून बघायचा. लोक इथे घाई करतात, एकदम आवळून टाकतात. मग खर्र खर्र आवाज येतो, ढकलायला दुप्पट जोर लागतो आणि पाती महिन्याभरात झिजतात. पातं पट्टीला जेमतेम शिवलं पाहिजे, रीळ फिरवल्यावर हलकीशी कुजबुज ऐकू यावी, इतपतच.

जुळवूनही कागद कापला जात नसेल तर धार. दारावर येणाऱ्या धारवाल्याला मात्र हे मशिन देऊ नका. सुरी-कात्रीला त्याचा हात चांगला, पण ही पाती पिळाची असतात. प्रत्येक पातं सगळ्या लांबीवर सारखं घासलं गेलं नाही तर मशिन कायमचं बिघडतं. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात व्हॉल्व्ह घासायची पेस्ट मिळते. ती पात्यांच्या कडांना ब्रशने लावायची, चाक काढून दांड्याला हँडल जोडायचं आणि रीळ उलट्या दिशेने फिरवायचं. पाती आणि पट्टी एकमेकांना घासून आपोआप जुळतात. पाच-दहा मिनिटांनी पेस्ट कणभरही न ठेवता धुऊन काढायची, कोरडं पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा. पातं दगडावर आपटून खोल खाच पडलेली असेल किंवा पट्टीची कड गोल झाली असेल तर एवढ्याने भागणार नाही. तुमच्याकडे एमआयडीसी आहे, तिथल्या एखाद्या ग्राइंडिंगवाल्याला रीळ दाखवा. त्याने "पाती संपली" असं सांगितलं किंवा बिडाच्या सांगाड्यालाच तडा गेलेला निघाला, तरच भंगारवाल्याला हाक मारा.

तसं झालं आणि नवं ढकलायचं मशिन घ्यायची वेळ आली, तर १४ इंचांपेक्षा मोठं घेऊ नका. बाजूला मोठी चाकं असलेल्या प्रकाराला भिंतीलगतचं चार बोटं गवत कापता येत नाही, ते कातरीने कापावं लागतं. मागे रूळ असलेलं मशिन फरशीच्या कडेवरून अर्धं बाहेर काढूनही चालवता येतं. तुमच्या लॉनभोवती फरशी आहे की भिंत, त्यावर ठरवा. आणि दुकानदाराला किमतीच्या आधी विचारा, खालची पट्टी सुटी मिळते का? तो गोंधळला तर दुसरं दुकान बघा.

डॉक्टरांनी नको म्हटलं किंवा दर आठवड्याचं गणित जमणार नसेल तर विजेवरचं वायरवालं रोटरी. गुंठाभराला १२ ते १४ इंच रुंदीचं पुष्कळ झालं. यात मशिनइतकीच वायर महत्त्वाची आहे. दिवाळीच्या माळेला वापरता ती एक्स्टेन्शन चालणार नाही. तीन तारांची, दीड चौरस मिलिमीटर तांब्याची, बाहेर वापरायची केबल घ्या. ती रिळावर गुंडाळलेली असेल तर वापरताना पूर्ण उलगडा, गुंडाळलेल्या केबलमध्ये उष्णता कोंडते आणि आवरण वितळतं. ज्या प्लगवर लावणार त्यावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळाली की प्रवाह आपोआप तोडणारा स्विच) आहे का ते वायरमनकडून आधी बघून घ्या, नसेल तर मशिनच्या आधी ते बसवा. कापताना प्लगच्या बाजूने सुरुवात करून लांब जात जायचं, म्हणजे वायर नेहमी कापून झालेल्या भागावर राहते. ओल्या गवतावर हे मशिन अजिबात नाही. पात्यात गवत अडकलं तर बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढायचा आणि मगच हात घालायचा. पायात बूट. स्लीपर घालून रोटरी चालवणारे लोक मी रोज बघतो आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

बॅटरीवरची मशिन चांगली निघाली आहेत आणि गुंठाभर लॉन एका चार्जिंगमध्ये सहज होतं. अडचण अशी की बॅटरी गेली की तिची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. चार वर्षांनी त्याच मापाची बॅटरी मिळेल याची खात्री दुकानदार देत असेल तरच घ्या. ती मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, आणि कापून आल्या आल्या गरम असताना चार्जिंगला लावू नका.

पेट्रोलला माझा विरोध का, ते मुलाला वाचून दाखवा. गुंठाभर लॉनला इंजिन जेमतेम पंधरा-वीस मिनिटं चालणार. एक लिटर पेट्रोल भरलं तर ते कित्येक आठवडे टाकीतच. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेतं. पावसाळ्यात टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात बसतो आणि ऐन श्रावणात, गवत वीतभर झालेलं असताना, मशिन दोरी ओढून ओढून चालू होत नाही. वर ऑइल, स्पार्क प्लग, एअर फिल्टर यांची निगा आहेच. पाच-सात गुंठ्यांच्या पुढे, फार्महाउस वगैरे असेल, तर पेट्रोलला पर्याय नाही हे मान्य. तसं कोणी वाचत असेल तर थोडक्यात : नव्या फोर-स्ट्रोक इंजिनचं पहिलं ऑइल पाच तासांनी बदला, पुढे पुस्तिकेत दिलेल्या तासांनी. महिन्याभरात वापरणार नसाल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पात्याला हात लावण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढा, आणि मशिन कलंडायचंच असेल तर प्लग वरच्या बाजूला राहील असं, नाहीतर ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरतं. रोटरीचं पातं धार लावून झालं की मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवून बघा. एक बाजू खाली झुकली तर त्या बाजूचं थोडं आणखी कानसीने घासा. तोल गेलेलं पातं मशिनला थरथरवतं आणि बेअरिंग खातं. वाकलेलं पातं ठोकून सरळ करू नका, नवं घ्या.

कुठलंही मशिन असो, तुमच्या अंगणात त्याचा खरा शत्रू गवत नसून मुरूम आहे. आपल्याकडे बंगल्यांची अंगणं मुरमाच्या भरावावर लाल मातीचा थर टाकून करतात आणि पहिल्या दोन-तीन पावसांत खडे वर येतात. कापण्याआधी एक चक्कर मारून खडे, नारळाच्या झावळीचे तुकडे, आंब्याच्या कोयी उचलायच्या. रिळात खडा गेला की पात्याला खाच पडते. रोटरीखालून तोच खडा गोळीसारखा सुटतो, गाडीची काच नाहीतर कुणाचा डोळा. लॉन सपाट करायला चाळलेली माती आणि शेणखत पसरणार असाल तर त्यानंतर दोन-तीन चांगले पाऊस होऊन ती खाली बसेपर्यंत रीळ लावू नका, त्या मातीतली वाळू धार घालवते.

माळ्याचं एक काम मात्र पुन्हा सुरू करू नका, पावसाच्या तोंडावर मूठ मूठ युरिया. लॉन आठ दिवस झकास हिरवं दिसतं आणि पुढचा महिनाभर तुम्ही त्याच्या मागे पळत राहता. दर आठवड्याला कापताना जे बारीक तुकडे पडतील ते लॉनवरच राहू द्या, कुजून त्यांचं खत होतं. जाड थर साचला तरच दाताळ्याने ओढून कंपोस्टमध्ये टाका.

सासूबाईंचं म्हणणं अगदी रास्त आहे. तुमचं लॉन दूर्वांच्याच जातीचं, म्हणजे हरळीचं असणार. पण पूजेला लागतात ते तीन-पाच पानांचे कोवळे शेंडे, आणि इंचभरावर कापलेल्या लॉनला ते धरतच नाहीत. कुंपणाच्या कडेचा, ऊन लागणारा दोन बाय तीन फुटांचा तुकडा विटा लावून वेगळा करा. आषाढापासून त्याला मशिन लावायचं नाही, तणनाशक तर कधीच नाही. गणपतीपर्यंत दूर्वांच्या एकवीस जुड्या निघतील, शेजारीही मागायला येतील. विटा घट्ट बसवा, नाहीतर हरळीचे धावरे (जमिनीलगत सरपटणारे कोंब) चार महिन्यांत फरशीच्या सांध्यात.

वेळापत्रक असं धरा. जून ते सप्टेंबर दर पाच ते सात दिवसांनी, पण उघडीप बघून, दोन-तीन तास ऊन पडल्यावर. पाय टाकल्यावर जमीन पचपचत असेल तर थांबा, चाकांच्या चाकोऱ्या पडल्या की त्या उन्हाळ्यापर्यंत बुजत नाहीत. दर वेळी दिशा बदला, या आठवड्यात उभं, पुढच्या आठवड्यात आडवं, म्हणजे गवत एका अंगाला झोपत नाही. ऑक्टोबरात दहा-बारा दिवसांनी चालेल. थंडी पडली की हरळीची वाढ मंदावते, मग महिन्यातून एकदा, तेही वाटलं तर. उन्हाळ्यात उंची दीड-दोन इंचांवर न्या, मुळांवर सावली राहते आणि पाणी कमी लागतं. प्रत्येक कापणीनंतर रीळ ब्रशने झाडून कोरड्या फडक्याने पुसा, पात्यांवर तेलाचं बोट फिरवा आणि मशिन गॅरेजमध्ये जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. साताऱ्याच्या पावसात जमिनीची ओल रात्रभरात गंज चढवते.

आज मे महिना आहे, ग्राइंडिंगवाल्याकडे गर्दी नसेल. जूनमध्ये तोच तुम्हाला पंधरा दिवस थांबवेल.